गॅसबत्तीचें कूळ

वरातीपुढें डोक्यावर मिरविल्या जाणाऱ्या गॅसबत्तीला महाराष्ट्रांत सरसकट पेट्रोमॅक्स म्हणत. वस्तुतः हें बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्यांतील, १९१० च्या सुमाराच्या बत्तीचें नांव; ‘पेट्रोलियम’ व ‘मॅक्स’ यांचा तो जोड. पुढें इतरांच्या बत्त्याहि त्याच नांवानें ओळखल्या गेल्या. त्यामुळें जुन्या बत्तीचें कूळ टांकीवरच्या ठशावरून शोधावें लागतें.

ती पुन्हां पेटविणें त्या मानानें सोपें. पंपाचें सुकलेलें चामडें तेलानें मऊ होतें, तोटीचें छिद्र पिनेनें मोकळें होतें. हवेच्या दाबानें चढलेल्या रॉकेलची वाफ होऊन मँटल शुभ्र प्रकाशतें. परंतु पितळ चकचकीत करण्याच्या नादांत ठसा झिजला, तर तो पुन्हां उमटत नाहीं. म्हणून आधीं ठसा कागदावर उतरून घ्यावा, मगच घांसावयास बसावें.