जळणारे कवच : गवती छपरापासून ॲल्युमिनियमच्या तक्त्यापर्यंत

वळसंग हे सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. या मुलखातील जुन्या घरांवर माळवद असे. दगडमातीच्या भिंती, त्यांवर आडव्या लाकडी तुळया, तुळयांवर किलचाने, त्यांवर पाला किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर धुमसाने ठोकून बसवलेली पांढरी माती. पाऊस कमी असल्यामुळे असे सपाट छप्पर येथे टिकत असे. ऊन अडवण्यासाठी केलेल्या या योजनेचा आणखी एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. या घरात जळणारे लाकूड आत असते आणि आकाशाकडे तोंड करून असते ती माती. शेजारच्या गंजीतून उडालेली ठिणगी माळवदावर पडली तर तेथेच विझते.

ही रचना उलटली, म्हणजे न जळणारे आत आणि जळणारे बाहेर असे झाले, की काय घडते याचा इतिहास मोठा आहे.

इ. स. १२१२ मध्ये लंडनमध्ये भीषण आग लागली. त्यानंतर नगराच्या कारभाऱ्यांनी गवत, बोरू व पेंढा यांच्या नव्या छपरांना बंदी केली. नवे नियम करणे त्या मानाने सोपे असते. खरा प्रश्न आधीच उभ्या असलेल्या आणि माणसांनी भरलेल्या घरांचा होता. त्यांच्यासाठी हुकूम निघाला तो असा : ज्या छपरांना गिलावा करता येईल त्यांना आठ दिवसांत करावा, न केल्यास ते घर पाडले जाईल. राहत्या घराचे ज्वालाग्राही आवरण मुदतीत सुरक्षित करा, असे सांगणाऱ्या जुन्या आदेशांपैकी हा एक. तो पुरेसा मात्र ठरला नाही. लाकडी घरांचे लंडन १६६६ मध्ये पुन्हा जळाले, तेव्हा कोठे विटांच्या भिंतींची सक्ती झाली.

मुंबईने हा धडा १७ फेब्रुवारी १८०३ रोजी घेतला. त्या वेळची मुंबई म्हणजे मुख्यतः तटबंदीच्या आतला कोट. अरुंद गल्ल्या, लाकडी खांबांची घरे आणि रस्त्यावर झुकलेल्या लाकडी ओसऱ्या. बाजारात पेटलेली आग वाऱ्याबरोबर घरामागून घर घेत गेली. ४७१ घरे, ६ प्रार्थनास्थळे आणि ५ बराकी भस्मसात झाल्या. दारूगोळ्याच्या कोठारांपर्यंत आग पोहोचू नये म्हणून वाटेतील घरे तोफा डागून पाडावी लागली. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या सरकारला त्यानंतर कोटाच्या पुनर्रचनेचा विचार करावा लागला. दाटी कमी व्हावी म्हणून लोकांनी तटाबाहेर वस्ती करावी, असा आग्रह धरला गेला. मांडवी, भुलेश्वरकडची वस्ती त्यानंतर झपाट्याने वाढली. पण कोटातील अनेक धनिक व्यापाऱ्यांनी आपली जागा सोडण्यास नकार दिला. धोका ठाऊक असूनही माणूस घर सोडत नाही, कारण त्याचा व्यवहार, नाती आणि देव तेथेच असतात. पुढच्या दोनशे वर्षांत ही अडचण नाहीशी झालेली नाही.

विसाव्या शतकात काँक्रीट आले आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला. काँक्रीटच्या उंच इमारतीत प्रत्येक सदनिका ही एक बंद पेटी मानली जाते. एका घरातील आग त्याच घरात राहील, शेजाऱ्यांनी आपापल्या घरी थांबावे, अशी ती कल्पना. या कल्पनेवर पाणी फिरवणारी वस्तू १९६९ साली युरोपात बाजारात आली. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्या मध्ये पॉलिइथिलीन. तक्त्याची एकूण जाडी साधारण ४ मिलिमीटर, त्यातले ३ मिलिमीटर प्लॅस्टिक. हलका, सपाट, चकचकीत आणि स्वस्त तक्ता. आज आपल्याकडे बँकेच्या शाखेपासून मॉलपर्यंत सर्वत्र दिसणारे ‘एसीपी’ ते हेच. वजनाच्या हिशेबाने पॉलिइथिलीन जळताना जवळजवळ पेट्रोलइतकीच उष्णता देते. शिवाय हे तक्ते भिंतीपासून काही अंतर सोडून बसवतात, पावसाचे पाणी निथळावे म्हणून. आग लागली की ती फट धुराड्यासारखी वारा ओढते. ज्वाळा प्लॅस्टिक वितळवते, वितळलेले थेंब खालच्या मजल्यांवर पडतात, आणि आग एकाच वेळी वर व खाली चालू लागते.

लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर १९७४ साली पूर्ण झालेला काँक्रीटचा मनोरा होता. चार दशके त्याच्या भिंती उघड्या होत्या. २०१६ पर्यंत चाललेल्या नूतनीकरणात त्याला नवे आवरण मिळाले. आधी जस्ताचे तक्ते ठरले होते. त्यांऐवजी पॉलिइथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे तक्ते घेतल्याने २,९३,३६८ पौंड वाचले. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका शीतकपाटाला आग लागली. खिडकीतून बाहेर पडून आवरणाला भिडलेली ती आग सुमारे वीस मिनिटांत माथ्यावर पोहोचली. रहिवाशांना मात्र अडीच वाजेपर्यंत ‘घरातच थांबा’ असेच सांगितले जात होते. ७२ माणसे गेली. बंद पेटीची कल्पना काँक्रीटपुरती खरी होती. नियम तोच राहिला आणि इमारत बदलली होती.

ब्रिटनने २०१८ च्या अखेरीस १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींवर ज्वालाग्राही आवरणास बंदी घातली. पण १२१२ चा पेच तसाच समोर आला : जी उभी आहेत त्यांचे काय? शेकडो कुटुंबे राहत असलेल्या मनोऱ्याचे कवच उतरवणे हे शस्त्रक्रियेसारखे काम आहे, आणि रोग्याला भूल देता येत नाही. प्रथम तक्त्याचा तुकडा कापून गाभा तपासतात. मग काम सुरू होईपर्यंतची तजवीज : प्रत्येक मजल्यावर ऐकू जाईल असा धोक्याचा भोंगा, आणि तो बसेपर्यंत रात्रभर मजल्यामजल्यांवर फिरणारे पहारेकरी. नंतर परांची किंवा यांत्रिक झुले लावून एकेका पट्ट्यातले तक्ते काढायचे, आतले फोमचे उष्णतारोधक उतरवायचे, त्याजागी खनिज लोकर भरायची, प्रत्येक मजल्याच्या पातळीवर ती धुराडी फट अडवणारे पट्टे बसवायचे आणि मग न जळणारे नवे आवरण चढवायचे. जेवढे उघडले तेवढे पावसाआधी झाकले पाहिजे. महिनोन्‌महिने खिडकीबाहेर जाळी, धूळ आणि कामगारांची वर्दळ. अभ्यासाला बसलेले मूल, रात्रपाळीहून येऊन झोपलेला माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी हे सारे त्या जाळीच्या आतच असतात.

यातला सर्वांत धोकादायक काळ कामाचाच असतो. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताई पो भागातील वांग फुक कोर्ट वसाहतीत हे दिसून आले. आठ मनोऱ्यांच्या बाह्य दुरुस्तीचे काम चालू होते आणि रहिवासी आत राहत होते. बाहेर बांबूची परांची, तिच्यावर जाळी आणि खिडक्यांवर संरक्षणासाठी लावलेले फोमचे तक्ते. सात मनोरे पेटले, दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इमारत काँक्रीटची होती; जळणारे कवच दुरुस्तीने तात्पुरते चढवले होते.

आणि खर्च कोणाचा? मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत २०१४ साली गॅलरीतल्या एका सिगारेटने आवरण पेटले. सुदैवाने कोणी दगावले नाही. २०१९ च्या निकालाने सदनिकाधारकांना ५७ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली आणि तिचा बहुतांश भार वास्तुविशारद, अग्निसुरक्षा सल्लागार व इमारत तपासनीस यांच्यावर पडला. ब्रिटनमध्ये मात्र अनेक सदनिकाधारकांच्या हाती आधी बिलेच पडली; २०२२ च्या कायद्याने त्यांना उशिरा संरक्षण दिले.

महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःचा एक अनुभव आहे, आणि त्याचेही साल योगायोगाने १९६९. मुंबईतील भाड्याच्या जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा राज्याने कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापले, इमारतींवर उपकर बसवला आणि १९ हजारांहून अधिक इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतली. अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. संक्रमण शिबिरांत पिढ्या गेल्या. तरीही माणसे राहत असलेल्या धोकादायक इमारतीचा खर्च एकट्या रहिवाशाच्या माथी मारता येत नाही, हे त्या कायद्याने ब्रिटनच्या पाच दशके आधी मान्य केले होते. आजच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना असा आधार नाही. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा व्हावे लागतात. संपूर्ण मनोऱ्याचे कवच बदलण्याच्या तुलनेत ही रक्कम तुटपुंजी आहे.

१८ जुलै २०१४ रोजी अंधेरीतील लोटस बिझनेस पार्क या २२ मजली काचबंद इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा बळी गेला. काचेमुळे धूर कोंडतो, हे मुंबईत तेव्हा चर्चेत आले. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. पंप चालतो की नाही, हे तपासनीसाला उभ्या उभ्या कळते. पत्र्याच्या पोटात प्लॅस्टिक आहे की खनिज, हे बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक तक्ता उतरवून त्याची कड पाहावी लागते.