कारण अज्ञात, पण वाट अंधारी नाही

हिंडत्याफिरत्या माणसाचे डोके एकाएकी वज्राघात व्हावा तसे दुखू लागावे, ओकारी यावी, मान ताठरावी, हा प्रसंग कोणत्याही घराला हादरवून सोडणारा असतो. मेंदूच्या आवरणांमधील पोकळीत रक्त उतरल्याचे ते लक्षण असू शकते. हे रक्त येते कोठून, याचा शोध तीन शतकांहून अधिक काळ चालू आहे.

शाफहाउझेन या स्विस नगरातील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ साली शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले की, झटक्याने कोसळलेल्या काहींच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. पण मृत्यूनंतर लाभलेले ज्ञान त्या रोग्याच्या काय उपयोगाचे? जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि हा रक्तस्राव रोग्याच्या हयातीतच ओळखणे शक्य झाले. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरणचित्र घेतले. बहुतेकांच्या बाबतीत धमनीवरील फुगवटा फुटलेला असतो, हे पुढे अशा चित्रांत दिसू लागले.

परंतु शंभरांतील सुमारे पंधरा रोग्यांच्या चित्रात फुगवटा आढळेना. ‘कारण सापडत नाही’ हे शब्द ऐकून रोगी घरी परते, तो डोक्यावर टांगती तलवार घेऊनच.

१९७१ मध्ये लंडन येथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. रक्त नेमके कोठे साचले, हे आता पाहता येऊ लागले. नेदरलँडमधील यान फान खाइन आणि त्यांचे सहकारी यांनी फुगवटा न सापडलेले २८ रोगी तपासले. त्यांपैकी १३ जणांत रक्त मुख्यतः मध्यमेंदूभोवतीच साचलेले होते. हे रोगी उत्तम बरे झाल्याचे त्यांनी १९८५ मध्ये नमूद केले. अशा रोग्यांना पुन्हा रक्तस्राव होणे अतिशय विरळ असून त्यांचे आयुर्मानही इतरांसारखेच असते, असे पुढील पाहणीत दिसून आले.

मात्र रक्त याहून दूर पसरले असेल, तर निर्धास्त राहून चालत नाही. दडलेला फुगवटा कधी कधी दुसऱ्या तपासणीत सापडतो. म्हणून ती पुन्हा करावी लागते.

मध्यमेंदूभोवतीचे रक्त एखाद्या नीलेतून पाझरत असावे, असा तर्क आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही. कारण हाती लागले नाही, तरी रोग्याचे पुढे काय होणार, हे सांगणे वैद्यांना साधले. खाटेशेजारी बसलेल्या आप्तांना तेवढाही धीर थोडा नसतो.