जुन्या कारवाँची मरम्मत

‘व्हॅन’ हा शब्द आपण रोज वापरतो. शाळेची व्हॅन, पोलिसांची व्हॅन. शब्द इंग्रजी वाटला तरी त्याचे मूळ फारसी आहे. फारसीतला ‘कारवाँ’ युरोपात गेला, तिथे ‘कॅरॅव्हॅन’ झाला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा मागचा तुकडा तोडून ‘व्हॅन’ केला. व्यापाऱ्यांच्या तांड्याचे हे नाव कालांतराने चाकांवरच्या घराला मिळाले. मोटारीमागे जोडून ओढायच्या घराला ब्रिटनमध्ये आजही कॅरॅव्हॅन म्हणतात. अमेरिकेत त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात.

असे जुने ट्रेलर शोधून त्यांची मरम्मत करणाऱ्यांची अमेरिकेत कमी नाही. त्यांचा सर्वांत लाडका ट्रेलर म्हणजे चांदीसारखा चकाकणारा, गोलसर ‘एअरस्ट्रीम’. त्याचा जनक वॉली बायम १८९६ साली ओरेगन राज्यात जन्मला. कोवळ्या वयात मेंढ्या राखताना तो गाढवाने ओढायच्या गाडीत राहत असे. गाडीत रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याची बादली आणि अंथरूण एवढाच संसार. पुढे लॉस एंजेलिसमध्ये छपाई आणि मासिकांच्या धंद्यात असताना त्याने फोर्ड मोटारीच्या चासीवर तंबू उभारून आपला पहिला ट्रेलर बनवला. लोक थांबून विचारू लागले. मग तो आराखडे विकू लागला आणि त्यानंतर ट्रेलरच.

ॲल्युमिनियमचा तो प्रसिद्ध आकार मात्र मूळचा बायमचा नाही. तो हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या कारागिराचा. १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा हाच बोलस. १९३४ मध्ये त्याने विमानाच्या पद्धतीने रिवेट ठोकून ‘रोड चीफ’ हा ट्रेलर बनवला. कंपनी चालली नाही, दिवाळे निघाले. बायमने ती रचना उचलली, पुढच्या बाजूचा दरवाजा बगलेत आणला आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ बाजारात आणला. चार माणसे झोपतील एवढी जागा, स्वतःचे पाणी, विजेचे दिवे आणि किंमत १,२०० डॉलर. महामंदीच्या त्या काळात नवी फोर्ड मोटार याहून कितीतरी स्वस्त मिळत होती. 

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले आणि एअरस्ट्रीमचा कारखाना बंद पडला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांना राहायला जागा नव्हती. त्यांच्यासाठी सरकारने वेगवेगळ्या बनावटीचे हजारो ट्रेलर विकत घेतले. सहलीसाठी जन्मलेली वस्तू मजुराचे घर झाली.

आता मरम्मतीकडे येऊ. युद्धानंतरच्या काळातला एखादा एअरस्ट्रीम घ्या. बाहेरून पाहाल तर पत्रा थोडा काळवंडलेला, दोन-चार पोचे आलेले, एवढेच. नवखा माणूस आधी पॉलिशचे यंत्र आणतो. जाणकार आधी कोपऱ्यातल्या तळात टोचणी खुपसून पाहतो. या ट्रेलरला पत्र्याचे दोन थर असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. खिडकी, छताचा झरोका किंवा पत्र्याचा सांधा, कुठूनही शिरलेले पाणी या दोन थरांमधून खाली उतरते आणि तळाच्या प्लायवूडच्या कडेला मुरते. वर्षानुवर्षे कुणाला पत्ता लागत नाही. प्लायवूड कुजते, खालची पोलादी चौकट गंजते आणि वरची कवटी चौकटीपासून सुटू लागते. चमक तशीच असते, पाया गेलेला असतो.

म्हणून खरी मरम्मत आतून सुरू होते. आतल्या पत्र्याचे रिवेट ड्रिलने काढायचे, उंदरांची घरटी झालेला काचलोकरीचा थर उपसायचा, तळ उखडायचा आणि चौकट घासून रंगवायची. बाहेरच्या पत्र्याचा रिवेट ठोकायला दोन माणसे लागतात. एक बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोकतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. एकट्याचे ते काम नाही. पॉलिश सर्वांत शेवटी, तेही बेताने, कारण पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर पातळ असतो. फार घासले तर तो निघून जातो.

इतिहास लिहिणाऱ्याचे कामही याहून वेगळे नाही. ट्रेलरच्या जुन्या जाहिरातींत आणि छायाचित्रांत एक हसरे गोरे कुटुंब, मोकळा रस्ता आणि मागे डोंगर दिसतो. ही झाली चमक. त्या रस्त्याच्या तळाशी काय होते?

ज्या १९३६ साली क्लिपर आला, त्याच साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय पोस्टमनने एक छोटे पुस्तक काढले. ‘ग्रीन बुक’ या नावाने ते ओळखले जाते. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या हॉटेलात खोली मिळेल, कोणत्या खानावळीत जेवण मिळेल, याची ती यादी होती. हॉटेल नसेल तिथे खोली देणाऱ्या घरांचे पत्ते दिलेले असत. कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीयांना थांबायची मनाई होती. चाकांवर स्वतःचे घर असले तरी ते उभे करायला जागा लागतेच, आणि ट्रेलर तळांवरही अनेक ठिकाणी वर्णभेद होता. या पुस्तकाची गरजच उरू नये, अशी ग्रीनची इच्छा होती. हॉटेलांतील भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६४ मध्ये आला. तो पाहायला ग्रीन हयात नव्हता.

मुक्कामाला जागा नाकारली जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडे नाव किंवा आडनाव सांगताच भाड्याची खोली हातची गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ही परक्या देशाची तवारीख मला परकी वाटत नाही.

जुना ट्रेलर पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद चांगलाच आहे. हाताला काम मिळते, एक कसब जिवंत राहते. पण १९३६ चा क्लिपर चकाकवून मांडणाऱ्याने त्याच्या शेजारी त्याच वर्षाचे ते पुस्तकही ठेवायला हवे. एक वस्तू सांगते की रस्ता सर्वांना खुला होता. दुसरी सांगते की तो कुणाला बंद होता. दोन्ही एकत्र ठेवल्या, तरच त्या कारवाँची मरम्मत पूर्ण झाली असे म्हणता येईल.