आगबोटीवरील केबिनसेवक : एका अप्रसिद्ध सेवेचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, धर्मगुरूंची परंपरा आणि घंटा किंवा वेदी अर्पण करणाऱ्या दात्यांचीं नांवें यांना मानाचें स्थान मिळतें, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू असते. जे घर सोडून दूर गेले, परक्यांची सेवा करून ज्यांनीं मुलाबाळांचें शिक्षण केलें, आणि ज्यांचें नांव कोणत्याही संगमरवरी फळीवर कोरलें गेलें नाहीं, अशांची ती बाजू होय. त्यांपैकीं एका वर्गाची, म्हणजे आगबोटीवर उतारूंच्या केबिनींची व्यवस्था पाहणाऱ्या स्टुअर्डांची, हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. लांबचा जलप्रवास करून आलेला मनुष्य बंदरांचीं वर्णनें करतो, वादळाची गोष्ट सांगतो, आणि शेवटीं म्हणतो कीं, आमचा स्टुअर्ड फार भला माणूस होता. त्या भल्या माणसाचें नांव विचारलें तर तो बहुधा घोटाळतो. सेवा स्मरणांत राहते आणि सेवक विसरला जातो. आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे.

या व्यवसायाशीं आपल्या किनाऱ्यावरील लोकांचा संबंध कसा जडला तें प्रथम पाहूं. लोक जिला पी. अँड ओ. म्हणून ओळखतात त्या कंपनीला १८४० सालीं राजसनद मिळाली. त्या काळीं विलायतेहून येणाऱ्या उतारूला मिसर देश खुष्कीनें ओलांडून तांबड्या समुद्रांत दुसरी बोट धरावी लागे. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि ही अडचण दूर झाली. मुंबई बंदराचें महत्त्व वाढलें, बोटी मोठ्या झाल्या, आणि उतारूंच्या सरबराईसाठीं माणसांची गरज भासूं लागली. तेव्हां बोटीवरील कामाची एक वांटणी हळूहळू रूढ झाली. डेकवर कोंकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील मुसलमान खलाशी आणि त्यांचे सारंग व तांडेल. खालीं इंजिनाच्या धगींत पंजाब व सरहद्दीकडील लोक. आणि स्वयंपाकघर, भोजनगृह व केबिनी यांत मुख्यत्वें गोव्याचे कॅथोलिक. युरोपीय जेवणांतील कोणताही पदार्थ शिजविण्यास किंवा वाढण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, आणि पोर्तुगीज अमलाखालीं पाश्चात्य चालीरीतींची त्यांना ओळख झालेली होती. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तरी गोव्याच्या तारवटीचें खरें बंदर मुंबई हेंच राहिलें.

मुंबईंत त्यांचें घर म्हणजे कूड. एका गांवचे लोक मिळून एखादी मोठी खोली भाड्यानें घेत. धोबी तलाव आणि माझगांव या भागांत अशा अनेक कुडी होत्या. धोबी तलावावरील जेर महाल नांवाच्या इमारतींत त्यांपैकीं कांहीं आपण पाहिल्याही असतील. एका बाजूला लहानशी वेदी, तिच्यावर गांवच्या आश्रयदात्या संताची मूर्ति, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, आणि रात्रीं जमिनीवर अंथरलेल्या चटया, असें त्यांचें स्वरूप असे. संध्याकाळीं सर्वांनीं गुडघे टेकून जपमाळ म्हणण्याची शिस्त होती. नोकरीची वाट पाहतां पाहतां महिनेच्या महिने जात, आणि भरतीच्या दलालांचे हात ओले करतां करतां पुष्कळांना कर्ज होई. तिकडे गांवीं पत्नी एकटीनें शेत, सासूसासरे आणि मुलें सांभाळी. मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हां बाप एडनला, आणि त्याच मुलाचें पहिलें कम्युनियन झालें तेव्हां सिडनीला, असें कितीतरी घरांत घडलें असेल. बोटीवरील सेवेचें मोल करतांना या दूरच्या घराचाही हिशेब धरला पाहिजे.

आतां त्या सेवेचें स्वरूप पाहूं. जुन्या बोटींत प्रत्येक केबिनीला स्वतंत्र स्नानगृह नसे. पहांटे उठून स्टुअर्डानें दारोदारीं चहा न्यावा, दाराबाहेर ठेवलेले बूट चकचकीत करून परत ठेवावे, स्नानाची पाळी आली कीं उतारूला कळवावें, सुरयांत पाणी भरावें, बिछाने झाडावे, आणि वारा फिरून लाटा वर येऊं लागल्या म्हणजे गोल खिडक्या बंद कराव्या. तांबड्या समुद्रांतील उकाडा असह्य झाला म्हणजे गाद्या वर डेकवर नेऊन अंथराव्या आणि पहांटे डेक धुण्यापूर्वीं त्या खालीं आणाव्या. बोट डोलूं लागली म्हणजे जेवणाच्या टेबलांना लांकडी कठडे लावीत आणि ताटें घसरूं नयेत म्हणून चादरी ओल्या करीत. परंतु सर्वांत कठीण काम निराळेंच होतें. समुद्र लागून अंथरुणाला खिळलेल्या, लाज सोडून ओकणाऱ्या, घरच्या आठवणीनें रडणाऱ्या अनोळखी माणसाच्या उशाशीं भांडें धरून उभें राहावें, त्याचें तोंड पुसावें, आणि दुसऱ्या दिवशीं तोच उतारू ऐटींत भोजनास आला म्हणजे आपण कांहींच पाहिलें नाहीं असा चेहरा ठेवावा! ही मर्यादा कोणत्याही नियमांच्या पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. आजच्या प्रचंड सहलीच्या जहाजांवर स्टुअर्ड टॉवेलांचे हत्ती व माकडें करून बिछान्यावर ठेवतो आणि मुलें हरखून जातात. त्या खेळामागें देखील तोच जुना विवेक आहे, कीं परक्या माणसाला चार दिवस आपल्या घरांत असल्यासारखें वाटावें.

तथापि सेवेची खरी पारख संकटांत होते. १८९९ सालच्या पवित्र गुरुवारीं, मार्चच्या ३० तारखेस, स्टेला नांवाची आगबोट ईस्टरच्या सुट्टीचे उतारू घेऊन इंग्लंडांतील साउदॅम्प्टनहून गर्न्सी बेटाकडे निघाली. दाट धुक्यांत ती कॅस्केट्स नांवाच्या खडकांवर आदळली आणि कांहीं मिनिटांतच बुडाली. तिच्यावर मेरी ॲन रॉजर्स नांवाची स्टुअर्डेस होती. तिचा पति खलाशी होता. तो समुद्रांत वाहून गेल्यानंतर मुलांच्या पोषणासाठीं तिनें हें काम पत्करलें होतें. तिनें आपल्याकडील स्त्रियांना तरंगपट्टे बांधले, त्यांना होड्यांत उतरविलें, आणि एकीला पट्टा नाहीं असें पाहून स्वतःचा पट्टा काढून दिला. होडींतील लोकांनीं तिला बोलाविलें; परंतु आपल्या भारानें होडी बुडेल म्हणून ती गेली नाहीं. साउदॅम्प्टन येथें तिचें स्मारक आहे, आणि लंडनमधील पोस्टमन्स पार्क नांवाच्या बागेंतील पाटीवरही तिचें नांव आहे. ज्या दिवशीं प्रभूनें कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच दिवसाच्या स्मरणीं एका परिचारिकेनें सेवेचा हा शेवटचा धडा गिरवावा, याचें आम्हांला फार नवल वाटतें.

१९१२ च्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक बुडाली ती कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या तिसऱ्या वर्गांत सातशेंहून अधिक उतारू होते, आणि त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश दगावले. वर होड्यांपर्यंत जाण्याची वाट त्यांना माहीत नव्हती. जॉन हार्ट नांवाच्या तिसऱ्या वर्गाच्या स्टुअर्डानें सुमारें तीस स्त्रिया व मुलें यांना जिन्यांच्या व बोळांच्या त्या गुंत्यांतून वर नेऊन पोंचविलें. मग तो पुन्हां खालीं उतरला आणि सुमारें पंचवीसजणांना घेऊन वर आला. शेवटीं वरिष्ठांच्या हुकुमावरून तो त्यांच्याच होडींत बसला व वांचला. वांचलेल्यांत त्याचे सोबती थोडेच होते. बहुतेक स्टुअर्ड बोटीबरोबर गेले.

तिसरा प्रसंग आपल्या देशाला अधिक जवळचा आहे. १९४० च्या सप्टेंबरांत, इंग्लंडवर बाँबवर्षाव होत असतां, सरकारी योजनेखालीं ९० मुलें सिटी ऑफ बेनारस या बोटीनें कॅनडास निघालीं. बोटीवरील खलाशी व सेवक बहुतेक भारतीय होते. युद्धामुळें मायदेशीं दुर्मिळ झालेलीं फळें व आइस्क्रीम फेटेवाल्या सेवकांनीं हंसतमुखानें आणून दिल्याची आठवण वांचलेल्या मुलांनीं पुढें म्हातारपणापर्यंत जपली. १७ सप्टेंबरच्या रात्रीं जर्मन पाणबुडीनें बोट बुडविली. ९० मुलांपैकीं ७७ मरण पावलीं. बारा क्रमांकाच्या होडींत ४६ जण होते : सहा मुलगे, त्यांची एक शिक्षिका, फादर ओसलिव्हन हे कॅथोलिक धर्मगुरु, कांहीं युरोपीय, आणि ३२ भारतीय खलाशी. आठ दिवस ती होडी अटलांटिक महासागरांत भरकटत होती. जॉर्ज पर्व्हिस नांवाच्या तरुण स्टुअर्डानें अन्नाची वांटणी आपल्याकडे घेतली होती. घोटभर पाणी आणि बिस्किटावर सार्डिन मासळीचा तुकडा, इतकेंच काय तें प्रत्येकाच्या वांट्याला येई; परंतु तें सर्वांना सारखें मिळे, आणि होडींत भांडण झालें नाहीं. २५ सप्टेंबर रोजीं त्यांना एका विमानानें पाहिलें आणि युद्धनौकेनें उचललें.

त्या बोटीवरील सुमारें शंभर भारतीय मात्र परत आले नाहींत. इंग्लंडमध्यें मुलांसाठीं राष्ट्र रडलें, आणि तें स्वाभाविक होतें; पण या शंभरांची ओळख वृत्तांतांतून बहुधा ‘लास्कर’ या एकाच शब्दांत आटोपली. जिवंतपणींही त्यांची स्थिति तशीच होती. गोऱ्या खलाशाला मिळणाऱ्या वेतनाचा लहानसा हिस्सा त्यांना मिळे, आणि झोंपण्यास जागाही कमीच. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच अनेक बंदरांतील भारतीय खलाशांनीं काम थांबविलें, कांहींनीं तुरुंगवास सोसला, तेव्हां कोठें वेतनांत वाढ झाली. सेवा ही ख्रिस्ती सद्गुण आहे हें खरें. परंतु सेवकाची नम्रता पुढें करून त्याची मजुरी कापणें हा सद्गुण नव्हे, अन्याय आहे, आणि असा अन्याय स्वर्गापर्यंत हांक मारतो अशी आपल्या धर्मसभेची जुनी शिकवण आहे. समुद्रावरील कामगारांसाठीं आंतरराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला व २०१३ पासून अमलांत आला. त्यानें दर चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांतीचा हक्क ठरविला. एवढी साधी गोष्ट कागदावर येण्यास किती पिढ्या गेल्या!

हा सारा इतिहास जुना झाला असें कोणी म्हणेल, तर त्यानें २०२० सालचा फेब्रुवारी महिना आठवावा. जपानच्या योकोहामा बंदरांत डायमंड प्रिन्सेस हें सहलीचें जहाज कोरोनाच्या सांथीमुळें अडवून ठेवण्यांत आलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं. उतारूंना केबिनींची दारें बंद करून आंत राहण्यास सांगितलें गेलें. परंतु दारापर्यंत अन्न पोंचविण्याचें काम कोणी करावयाचें? तें कर्मचाऱ्यांनीं केलें, आणि त्यांत १३२ भारतीय होते. स्वतः दाटीवाटीनें राहून, एकत्र जेवून, त्यांनीं तीन वेळां ताटें पोंचविलीं, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्या रोगानें गांठलें. जहाजावरील सातशेंहून अधिक लोक बाधित झाले. कांहीं उतारूंनीं आपल्या दारांवर आभाराच्या चिठ्या लावल्या. त्या वर्षीं जगभर हजारों कर्मचारी महिनेच्या महिने जहाजांवर अडकून पडले, आणि त्यांत गोव्याचे व मुंबईकडील आपले बांधव पुष्कळ होते.

समुद्रावरील माणसाला धर्मसभा विसरली नाहीं. १९२० सालीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत समुद्रप्रेषितकार्याचा आरंभ झाला आणि १९२२ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्याला आशीर्वाद दिला. आज तें स्टेला मारिस, म्हणजे सागराचा तारा, या पवित्र मरियेच्या नांवानें ओळखलें जातें. जुलै महिन्याचा दुसरा रविवार अनेक देशांत समुद्रावरील लोकांसाठीं प्रार्थनेचा मानला जातो. मुंबईंत मस्जिद बंदराजवळ खलाशांचें आश्रयगृह आहे. पहिल्या महायुद्धांत ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाहीं अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक तेथें आहे, आणि दुसऱ्या महायुद्धांतील सुमारें साडेसहा हजारांच्या नांवांची नोंदवही तेथें ठेवलेली आहे. आपल्यापैकीं किती जणांनीं तें ठिकाण पाहिलें आहे?

महोत्सवाच्या आनंदांत आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या घराण्यांतील, आपल्या आळींतील, जो कोणी बोटीवर गेला असेल, मग तो स्टुअर्ड असो, आचारी असो कीं खलाशी, त्याचें पूर्ण नांव, त्याची बोट आणि त्याचीं वर्षें कागदावर लिहून धर्मगुरूंच्या हवालीं करावीं. घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. नोव्हेंबर महिन्यांत मृतांच्या स्मरणाची मिस्सा होईल तेव्हां हीं नांवें वेदीपुढें एकेक करून वाचलीं जावींत. ज्यांनीं आयुष्यभर परक्यांच्या दारांवर हळूच टिचकी मारली, त्यांच्यासाठीं आपण एकदां देवाच्या दारावर टिचकी मारूं या. सागराचा तारा असलेली पवित्र माता त्यांना शांतीच्या बंदरास नेवो, आणि जे आज दूर समुद्रावर आहेत त्यांना सुखरूप घरीं आणो.