वृषभयुद्ध, स्पॅनिश

वृषभयुद्ध, स्पॅनिश : बंदिस्त रिंगणात प्रेक्षकांसमोर वळूशी झुंजून अखेरीस तलवारीने त्याचा वध करण्याचा स्पेनमधील पारंपरिक प्रकार. स्पॅनिश भाषेत त्यास ‘कोरिदा दे तोरोस’ म्हणतात. गोव्यातील धिरयोप्रमाणे यात दोन बैल परस्परांशी झुंजत नाहीत. माणूस व वळू यांच्यातील हा सामना ठरीव विधींनी बांधलेला असतो.

सतराव्या शतकापर्यंत हा प्रामुख्याने सरदारवर्गाचा खेळ होता. घोड्यावरून भाल्याने वळू मारणे हे शौर्याचे लक्षण मानीत; पायी वावरणारे सेवक केवळ साहाय्य करीत. पोप पाचवा पायस याने १५६७ मध्ये घातलेली बंदी स्पेनमध्ये टिकली नाही. अठराव्या शतकात बूर्बाँ घराण्याच्या अमदानीत सरदारांनी यातून अंग काढून घेतले आणि सामान्य वर्गातील पायी लढणारे धंदेवाईक पुढे आले. अशा रीतीने सेवकाचा नायक झाला व स्वाराकडे दुय्यम काम आले. तलवारीबरोबर लहान कापड (मुलेता) वापरण्याची पद्धत रोंदा येथील फ्रान्सिस्को रोमेरो याने रूढ केली, असे परंपरा मानते. त्याचा नातू पेद्रो रोमेरो (१७५४–१८३९) विशेष ख्यातनाम झाला. १७९६ मध्ये पेपे इल्यो याच्या नावाने या विद्येचे नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १८०१ मध्ये माद्रिदच्या रिंगणात वळूनेच त्याचा बळी घेतला.

एका कार्यक्रमात सामान्यतः तीन मातादोर (मुख्य योद्धे) प्रत्येकी दोन वळूंशी लढतात. प्रत्येक झुंजीचे तीन भाग असतात. प्रथम अश्वारूढ पिकादोर वळूच्या मानेमागील स्नायूंवर भाल्याने आघात करतो; त्यामुळे वळूची मान खाली येते. नंतर बांदेरिल्येरो काटेरी टोकांच्या सजविलेल्या काठ्या जोडीजोडीने रोवतात. अखेरच्या भागात मातादोर एकटाच लाल मुलेता घेऊन वळूला खेळवितो व तलवारीने ठार करतो. वळू लाल रंगाने नव्हे, तर कापडाच्या हालचालीने आकृष्ट होतो. उत्तम कामगिरीबद्दल मातादोरला वळूचा कान देतात. असामान्य झुंजार वळूला क्वचित जीवदानही मिळते. पिकादोरच्या अंगरख्यावरील सोनेरी भरतकाम हा त्याच्या पूर्वीच्या मानाचा अवशेष होय.

या खेळातील जोखीम खरी आहे. होसेलितो (१९२०) व मानोलेते (१९४७) हे अग्रगण्य मातादोर रिंगणातील जखमांनी मरण पावले. तथापि मातादोर क्वचित मरतो. वळूचा मृत्यू मात्र जवळजवळ निश्चित असतो. पिकादोरांचे असंख्य घोडेही पोट फाटून मरत. १९२८ मध्ये त्यांना संरक्षक आच्छादन सक्तीचे झाले. आधुनिक वादाचे मूळ या विषमतेत आहे. कॅटलोनियाच्या संसदेने २०१० मध्ये संमत केलेली बंदी २०१२ पासून अंमलात आली. उलट २०१३ च्या राष्ट्रीय कायद्याने वृषभयुद्धास सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१६ मध्ये संविधान न्यायालयाने कॅटलोनियाची बंदी रद्द ठरविली. २०२४ मध्ये मात्र सांस्कृतिक मंत्रालयाने वृषभयुद्धासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार बंद केला. वारसा जतन करणे आणि प्राण्याला यातना न देणे, या दोन कर्तव्यांमधील हा संघर्ष स्पॅनिश समाजात अद्याप मिटलेला नाही.