सरडगुहिऱ्याच्या पिल्लांचे संगोपन

सरडगुहिरा (शॅमेलिऑन) या वृक्षवासी सरीसृपाची अंडी उबवणे आणि त्यांतून एकाच वेळी बाहेर पडणाऱ्या अनेक पिल्लांना निवारा, अन्न, पाणी व प्रकाश पुरवून वाढवणे, यास सरडगुहिऱ्याच्या पिल्लांचे संगोपन म्हणतात. भारतात सरडगुहिऱ्याची एकच जाती आढळते. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस असून ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्यामुळे ती घरी पाळता येत नाही. संगोपनाची बरीचशी माहिती येमेनी सरडगुहिऱ्यासारख्या, परदेशात पिंजऱ्यात वाढवल्या जाणाऱ्या जातींच्या अनुभवातून मिळालेली आहे.

वऱ्हाडातील आढळ

भारतीय सरडगुहिरा कोरड्या पानझडी जंगलांत, झुडपी रानांत आणि शेताच्या कडेच्या झाडाझुडपांत राहतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांत मेळघाट, नरनाळा आणि काटेपूर्णा यांसारखी संरक्षित वने असली, तरी या प्राण्याला मानवणारी बोर-बाभळीची झुडपे शेताच्या धुऱ्यांवरही असतात. बागेत नेहमी दिसणाऱ्या सरड्याशी त्याची अनेकदा गल्लत होते. तोही रंग बदलतो. परंतु सरडगुहिऱ्याची पकड घेणारी दुभागलेली पावले, गुंडाळता येणारी शेपटी, एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारे डोळे आणि झुलत झुलत टाकलेली संथ पावले ही त्याची निश्चित ओळख होय. तो विषारी असल्याचा समज चुकीचा आहे. त्याला विषग्रंथी नाहीत.

अंडी व उबवण

मादी एरवी झाडावर राहते, परंतु अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते. ती मातीत बीळ खोदून त्यात अंडी घालते, माती पुन्हा लोटून बीळ बुजवते आणि निघून जाते. त्यानंतर अंड्यांची अथवा पिल्लांची काळजी ती घेत नाही. अंडी कित्येक महिने जमिनीतच राहतात. त्या काळात धुरे पेटवणे, झुडपे मुळासकट काढणे किंवा जमीन खोलवर नांगरणे यांमुळे सगळी अंडी एकाच वेळी नष्ट होऊ शकतात.

येमेनी सरडगुहिऱ्याची मादी एका वेळी ३० ते ६० किंवा त्याहूनही अधिक अंडी घालते. ती ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास साधारण सहा ते नऊ महिन्यांत फुटतात. माध्यम मुठीत आवळले असता पाणी टपकू नये, इतपतच ओलावा असावा. अंड्याच्या वरच्या बाजूला खूण करून ते त्याच स्थितीत ठेवतात, कारण उलटल्यास आतील भ्रूणाला इजा होण्याचा संभव असतो. पिल्लू कवच फोडून थांबले असता त्याला ओढून काढू नये. उरलेला पिवळा बलक त्या वेळी शरीरात शोषला जात असतो.

निवारा

नवख्या पैदासकाराची सर्वांत मोठी अडचण पिल्लांच्या संख्येची असते. निसर्गात जमिनीतून वर आलेली भावंडे थोड्याच वेळात निरनिराळ्या झुडपांवर पांगतात. पिंजऱ्यात पांगायला जागा नसते. एकत्र कोंडलेल्या पिल्लांत धीट पिल्ले उन्हाची जागा व खाद्य बळकावतात, तर दबलेली पिल्ले गडद रंगाची होऊन खालच्या फांद्यांवर बसून राहतात. पुढे ती खाणे सोडतात. चावाचावी न होताही पिल्ले अशा प्रकारे दगावतात. म्हणून सर्व पिल्ले एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवण्याऐवजी लहान लहान गट करून, आकारानुसार निवडून ठेवणे हिताचे ठरते. वाढीचा वेग सारखा नसल्याने ही निवड वारंवार करावी लागते.

निवाऱ्यात बारीक फांद्या व जास्वंदीसारखी दाट पानांची झाडे असावीत, म्हणजे पिल्लांना एकमेकांच्या नजरेआड होता येते. तळाशी मातीऐवजी साधा कागद अंथरल्यास विष्ठा लक्षात येते व सोडलेले कीटक दडून राहत नाहीत. साधारण दोन ते तीन महिन्यांनंतर आक्रमकता वाढते आणि प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र पिंजरा द्यावा लागतो. चाळीस पिल्ले झाल्यास चाळीस पिंजऱ्यांची सोय अंडी उबवण्यापूर्वीच विचारात घ्यावी लागते.

याउलट, जन्मापासून पूर्ण एकांतही अपायकारक असल्याचे दिसते. येमेनी सरडगुहिऱ्यावरील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकटी वाढवलेली पिल्ले गटात वाढलेल्या पिल्लांपेक्षा अधिक दबकी, रंगाने मंद व भक्ष्य पकडण्यात मागे असल्याचे आढळले.

अन्न, पाणी व प्रकाश

लहान पिल्लांना फळमाश्या व रातकिड्यांची नुकतीच जन्मलेली पिल्ले दिवसातून अनेक वेळा द्यावी लागतात. भक्ष्य पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीहून मोठे नसावे. सरडगुहिरा सहसा वाटीतील साचलेले पाणी पीत नाही. तो पानांवरील थेंब चाटतो, म्हणून दिवसातून काही वेळा पाण्याचा बारीक फवारा मारतात. अतिनील-ब किरण आणि कॅल्शियम यांचा अभाव असल्यास हाडे मऊ होऊन वाकतात व जबडा लुळा पडतो. अशा पिल्लाला भक्ष्यावर जीभ फेकणेही कठीण जाते. यासाठी योग्य दिव्याचा वापर करतात आणि खाद्यावर कॅल्शियमची भुकटी लावतात. लहान शरीरातील पाणी लवकर कमी होत असल्याने अतिउष्णता विशेष घातक ठरते. अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. बंद पेटीत ठेवलेले पिल्लू अशा हवेत अल्पावधीतच मरू शकते.

कायदेशीर स्थिती

भारतीय सरडगुहिरा परवानगीशिवाय पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेत सरीसृपांच्या अंड्यांना इजा पोहोचवणे व ती हलवणे यांचाही समावेश होतो. परदेशी जाती वन्यप्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात (साइट्स) समाविष्ट आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी आवश्यक आहे. केवळ खरेदीच नव्हे, तर जन्म, मृत्यू व हस्तांतर यांचीही नोंद करावी लागते. म्हणजे पैदास झाल्यास प्रत्येक पिल्लाची नोंद करणे आले.

पिल्ले आढळल्यास

शेतात किंवा अंगणात सरडगुहिऱ्याची निरोगी पिल्ले आढळली, तर ती अनाथ आहेत असे समजू नये. या जातीत मातृसंगोपन नसतेच आणि पिल्ले जन्मतःच स्वतः शिकार करतात. त्यांना डब्यात भरून घरी नेल्याने मदत होत नाही. रस्त्यावर असल्यास लगतच्या झुडपावर सोडणे पुरेसे असते. अंडी उघडी पडलेली, पिल्लू जखमी किंवा विक्रीसाठी ठेवलेले आढळल्यास महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते. धुऱ्यावरील झुडपे राखणे, ती न पेटवणे आणि कीटकनाशकांचा वापर मर्यादित ठेवणे यांमुळे अंड्यांना सुरक्षित माती, पिल्लांना पांगण्यास जागा व खाण्यास कीटक उपलब्ध राहतात.