काळ्या मातींतील चाकें

नांदेड-लातूरकडील काळी माती पावसानें फुगते आणि निसरडी होते. तींत गाडी रुतली, कीं शेतकरी बैलांची आणखी एक जोडी जुंपीत. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्या सुरू केल्या. परंतु तशा गाड्यांचीं मागचीं दोनच चाकें ओढीत आणि चिखलांत जागच्या जागीं फिरूं लागत. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठीं बनूं लागलेल्या जीपनें जादा जोडीचाच न्याय यंत्रांत आणला: इंजिनाची ओढ चारही चाकांना वांटली. खालच्या गिअरांत चाकें सावकाश, पण जोरानें फिरतात; मात्र एकदम वेग दिला, तर तींही घसरतात. आडगांवांतून भर पावसांत रुग्णास दवाखान्यांत न्यावयाचें, तर घाई घातक, हें गाडीवान जाणत होताच. मोटार हांकणारास तें नव्यानें शिकावें लागलें.